कॉम्प्युटरची खंडेनवमी

बत्तीस टक्क्यांवर कॉम्प्युटर अडला, तेव्हा सुभद्राबाई मोठ्या लेथला हळदीकुंकू लावत होत्या. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतली ती शेड वर्षातून एकच दिवस अशी गप्प असते, तो म्हणजे खंडेनवमीचा. लेथ, ड्रिल, मिलिंग, सगळी यंत्रं घासूनपुसून आपापल्या जागी उभी होती. शेजारच्या शेडही बंद होत्या. एरवी ज्या गल्लीत 'चहा आण' एवढं सांगायलाही ओरडावं लागतं, तिथे त्या दुपारी एक कावळा पत्र्यावर चालत होता आणि त्याची पावलं आत मोजता येत होती.

ऑफिस म्हणजे शेडच्या कोपऱ्यातली काचेची खोली. तिथे मंजुषा दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती, म्हणजे चुकून एखादं बटण दाबलं जाऊ नये. पडद्यावर पांढरे ठिपके गोल गोल फिरत होते आणि खाली 'बत्तीस टक्के' असं इंग्रजीत लिहिलेलं होतं. गेला पाऊण तास ते बत्तीसच होतं.

हा उद्योग तिने आपणहून अंगावर घेतला होता, आणि त्याला कारण होता मालकांचा मुलगा सार्थक. तो हिंजवडीत आयटीत होता आणि अलीकडे शनिवार-रविवार वडिलांच्या वर्कशॉपमध्ये लक्ष घालू लागला होता. गेल्या आठवड्यात तो टेबलाशी येऊन म्हणाला होता, "मंजुषाताई, दसरा झाला की चाकणच्या कंपनीची साइट या जुन्या सिस्टीमवर उघडणार नाही. तिथे आपल्या मालाचे रिपोर्ट चढले नाहीत तर गेटवर आपली गाडी आत घेणार नाहीत. हा डबा नवी सिस्टीम घेत असेल तर ठीक. नाहीतर डबा भंगारात, आणि रिपोर्टचं काम निगडीच्या एका एजन्सीला देऊन टाकू."

"आणि मी?" मंजुषाने विचारलं.

"तुमचं बघू ना काहीतरी."

'बघू ना काहीतरी'चा अर्थ नोकरी करणाऱ्या माणसाला फोड करून सांगावा लागत नाही. मंजुषा सोळा वर्षं त्या टेबलाशी बसत होती. दापोडीहून बस, मग चालत गल्ली, मग ही काचेची खोली. दुसरीकडे काम मिळालंही असतं. पण या खोलीतून तिला अख्खी शेड दिसायची, कोणता लेथ आज कुरकुरतोय हे तिला खुर्चीवरून कळायचं, आणि ही जागा तिची फार फार आवडीची होती. सार्थकचं बोलणं तिने कुणाला सांगितलं नाही. दापोडीत तिच्याच गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या प्रज्वलकडून तिने नव्या सिस्टीमचा पेनड्राइव्ह आणला. "दोन तास लागतील, ताई," प्रज्वल म्हणाला होता. "फक्त मध्ये बंद करू नका आणि कशाला हात लावू नका." एवढ्या निवांतपणे हात न लावण्याचा दिवस खंडेनवमीहून दुसरा कुठला?

सगळ्या यंत्रांची पूजा आटोपून सुभद्राबाई ताट घेऊन ऑफिसात आल्या आणि दारातच थबकल्या.

"अगं, हे चालू कसं? आजच्या दिवशी?"

"काकू, बंद करता येत नाही. आत नवी सिस्टीम चढतेय."

"आज यंत्र चालवायचं न्हाई. ठाऊक हाय ना तुला?"

प्रकरण नानासाहेबांपर्यंत गेलं. नाना म्हणजे या वर्कशॉपचे मालक आणि सुभद्राबाईंचे यजमान. जुने भोसरीकर. जिथे ही शेड उभी आहे तिथे त्यांच्या वडिलांचा हरभरा असायचा. एका खंडेनवमीला, पूजा झाल्यावर, 'एकच पीस राहिलाय' म्हणून त्यांनी लेथ सुरू केला होता आणि डाव्या करंगळीचं पेर गमावलं होतं. तेव्हापासून पूजा झालेल्या हत्याराला दुसऱ्या दिवशीच्या उत्तरपूजेपर्यंत कुणी बोट लावायचं नाही, हा त्यांचा कायदा होता. यंत्रावरचं फूलही हलवायचं नाही.

नानांनी चष्मा लावून पडदा न्याहाळला. "काय लिवलंय?"

"थोडा वेळ लागेल, बंद करू नका, असं लिहिलंय."

"ह्यो काम करतोय का?"

"नाही. याच्यावरच काम चाललंय."

"म्हंजी आप्रेशन. मग चालंल," नानांनी निकाल दिला. "पेशंट काय कामावर नसतो. करा पूजा."

सुभद्राबाईंनी हात आखडता घेतला नाही. पडद्याला हळदीकुंकवाची पाच बोटं ओढली. कीबोर्डवर मूठभर अक्षता वाहिल्या. चाकणच्या बाजारातून आणलेला झेंडूचा मनगटाएवढा हार कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला दोन वेढे देऊन घातला. कॅबिनेटच्या दोन्ही अंगांच्या हवेच्या जाळ्या हारामागे दिसेनाशा झाल्या. मंजुषाने त्या जाळ्यांकडे पाहिलं, पण घातलेल्या हाराला काय म्हणणार? सगळ्यांनी हात जोडले आणि त्याच क्षणी बत्तीसचे तेहतीस झाले.

"बघ," सुभद्राबाई म्हणाल्या.

मग सगळेच तिथे बसले. सुभद्राबाई स्टुलावर, नाना खुर्चीवर, मंजुषा आपल्या जागी, आणि लेथवरचा समाधान दाराशी जमिनीवर. समाधान लातूरकडचा, सुट्टी असूनही खोलीवर बसून करायचं काय म्हणून पूजेला आलेला. उदबत्तीचा धूर आणि मशीनच्या तेलाचा वास एकमेकांत मिसळून खोलीत तरंगत होता. ठिपके फिरत होते. चौतीस, पस्तीस, चाळीस. ज्या माणसांना उभ्या जन्मात नुसतं बसायची सवय नव्हती, ती आता एका गोल फिरणाऱ्या रांगेकडे बघत बसली होती, आणि ते त्यांना चक्क सुखाचं वाटत होतं. समाधान प्रसादाचा पेढा हातात धरून बसल्या बसल्या झोपला. मंजुषाला ठिपके ओळखीचे वाटू लागले. पहिला ठिपका दापोडीहून निघतो, नाशिक फाट्याला वळतो, भोसरीला येतो, परत जातो. त्यातल्याच एखाद्यात आपण खिडकीशी बसलोय असं तिला वाटलं. शहात्तर टक्के झाले, तेव्हा तिच्याही पापण्या मिटत आल्या होत्या.

कॅबिनेटमधून आधी घोंघावल्यासारखा आवाज आला, मग तो चढत गेला, मग खट् झालं आणि पडदा काळा पडला.

सगळे ताडकन सरळ झाले. दोन मिनिटांनी कॉम्प्युटर आपणहून पुन्हा जागा झाला, पण ठिपके नव्हते. काळ्या पडद्यावर पांढऱ्या दोन ओळी होत्या. मंजुषाने प्रज्वलला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"कीबोर्डमध्ये बिघाड आहे म्हणतोय. आणि पुढे जायला एफ-वन दाबा म्हणतोय."

"मग दाबा की, ताई."

"दाबता येत नाही. पूजा झालीय."

"बरं. एखादं बटण अडकलंय का बघा. हात न लावता."

मंजुषाने वाकून पाहिलं. नऊच्या बटणाखाली कुंकवाने लाल झालेला एक तांदूळ तिरपा रुतून बसला होता. "अक्षत अडकलीय."

"काढा."

"वाहिलेली अक्षता काढत न्हाईत," सुभद्राबाई मागून म्हणाल्या.

"बरं, बंद का पडला होता? कॅबिनेट गरम आहे का? बाजूच्या जाळीवर काही ठेवलंय?"

"झेंडूचा हार आहे."

"हार... काढता येत नाही," प्रज्वलने वाक्य स्वतःच पुरं केलं. त्याचाही आवाज आता हळवा झाला होता. "मी आलो असतो, ताई, पण माझे स्क्रू-ड्रायव्हर पण पाटावर मांडलेत. आई हात लावू देणार नाही. असं करा, वारा घाला त्याला. आणि ज्याची पूजा झालेली नाही असा एखादा कीबोर्ड मिळवा."

सुभद्राबाईंनी खोक्याचा एक पुठ्ठा घेतला आणि तापल्या पोराच्या उशाशी बसावं तशा त्या कॅबिनेटशेजारी बसून वारा घालू लागल्या. समाधानने पेढा तोंडात टाकला, मोटारसायकलला किक मारली आणि तो पूजा न झालेल्या कीबोर्डच्या शोधात निघाला.

तो दीड तासाने परतला. तोवर त्या दोन ओळी पडद्यावर तशाच होत्या आणि सुभद्राबाईंनी हात बदलला होता.

"सगळी वसाहत पालथी घातली, मालक," समाधान धापा टाकत म्हणाला. "कीबोर्डच सापडंना गेला. जितं जावं तितं गंध लावून ठिवलंय. त्या गिअरवाल्यांकडं तर कीबोर्डाला नारळ फोडलाय, सगळं पाणी आत. कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो, त्यानं शटरलाबी कुंकू लावून कुलूप घातलंय. रस्त्यावर चिटपाखरू न्हाई. नुसता झेंडूचा वास. लय भारी वाटत होतं बगा, फिरतच ऱ्हावं वाटलं."

"मग हातात काय हाय?" नानांनी विचारलं.

समाधानच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक कीबोर्ड होता. "भंगारवाल्यानं दिला. त्यानं निस्त्या वजनकाट्याची पूजा केलीय. म्हणला, भंगार काय हत्यार न्हाई, घेऊन जा."

कीबोर्ड फार म्हातारा होता. एफ-वनच्या जागी टोपणच नव्हतं, खाली रबराचा एक बुटका कोंब तेवढा उरला होता. पण तो जोडायचा तर कॅबिनेटला हात लावावा लागणार. सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. नाना उठले, कॅबिनेटभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "कुंकू म्होरं लावलंय. पाठीमागं न्हाई. पाठ पूजेत येत न्हाई." मंजुषाने टेबलामागे शिरून जुन्या कीबोर्डची वायर काढली, भंगारातली लावली आणि उदबत्तीच्या काडीच्या मागच्या टोकाने तो रबरी कोंब दाबला.

पडदा काळा झाला. मग ठिपके परत आले. समाधानने टाळी वाजवली. पण ठिपक्यांखालची ओळ वाचून मंजुषाचा चेहरा उतरला.

"काय म्हणतोय?"

"नवी सिस्टीम चढली नाही म्हणतोय. झालेले सगळे बदल मागे घेतोय. बंद करू नका."

"मागं म्हंजी कुटपर्यंत?"

"सगळं पहिल्यासारखं होईपर्यंत."

मंजुषाच्या लेखी 'पहिल्यासारखं' म्हणजे आज सकाळी अकरा. नाना मात्र तिथे थांबले नाहीत. दुपार कलली होती, काचेतून पिवळं ऊन आत आलं होतं, पुठ्ठ्याचा वारा एका लयीत चालला होता. नानांनी खुर्चीत मान मागे टाकली. आधी त्यांच्या शेडचा पत्रा निघाला, मग शेजारच्या शेडचा, मग एकेक करून साऱ्या वसाहतीचे. डांबर गेलं, विजेचे खांब गेले. जमिनीतून हरभरा वर आला, घाट्यांनी लगडलेला. बांधावर वडील बसले होते, पायातला काटा काढत. त्यांनी मान वर न करता विचारलं, "जेवला का रं?" नानांना इतका आनंद झाला की त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. हे मंजुषाला दाखवावं म्हणून त्यांनी मागे वळून पाहिलं. मंजुषा नव्हती. समाधानही नव्हता. लेथ नव्हता, ऑफिस नव्हतं, नुसता हरभरा होता, आणि त्यात ते एकटेच उभे होते.

"थांबव त्याला!" नाना ओरडले.

"नाना, थांबवता येत नाही."

"लय मागं चाललंय, पोरी. तुमी कुणीच न्हवता तितं."

आठवडाभर दाबून ठेवलेलं मंजुषाच्या तोंडून निसटलं. "मी इथेही नसणार आहे, नाना. हा जुनाच राहिला तर माझं काम संपलं. सार्थकदादा म्हणालेत, रिपोर्ट एजन्सीला देणार."

एवढं बोलून तिला रडू फुटलं आणि तिने पदर तोंडाला लावला. वर्कशॉप हळूहळू पोराच्या हाती द्यायचं, मध्ये पडायचं नाही, असं नानांनीच ठरवलं होतं आणि चारचौघांत बोलूनही दाखवलं होतं. आता शब्द फिरवायचा तर पोराचं मन मोडतं, नाही फिरवावा तर या पोरीचं. ते नुसते पडद्याकडे बघत राहिले. सुभद्राबाईंचा वारा घालणारा हात मात्र थांबला होता.

साडेपाचला बदल मागे घेऊन झाले. पडद्यावर सकाळचंच चित्र परत आलं, सगळं जिथल्या तिथे, जसं काही घडलंच नव्हतं. जुनी सिस्टीम, जुनी अक्षरं. परवा सकाळी नऊला चाकणला गाडी निघायची होती आणि साइट उघडणार नव्हती.

सार्थक आला तो सहाला, गाडीतून. पडद्यावर एक नजर टाकून म्हणाला, "मला वाटलंच होतं." त्याच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता, घाईत असलेल्या माणसाला दुसऱ्याचं तोंड बघायला सवड नसते, एवढंच. त्याने बॅगेतून कोरा लॅपटॉप काढला आणि टेबलावर ठेवला. "आजच घेतला. आत्ता सुरू करून ठेवतो, उद्या एजन्सीचा माणूस येऊन सगळं यात घेईल."

मंजुषाने ड्रॉवरमधला आपला चष्म्याचा डबा काढून पर्समध्ये ठेवला. तो आवाज खोलीत सगळ्यांना ऐकू आला.

"नवं यंत्र हाय?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"हो, आई."

"मग पूजा?"

"आई, लॅपटॉपला पूजा नको, त्यात लगेच..."

"खंडेनवमीला नवं यंत्र दारात आलं आन् तसंच ठिवायचं?" सुभद्राबाईंनी ताट उचललं आणि लगेच खाली ठेवलं. "आई गं. वारा घालून हात भरून आलाय माजा. मंजुषा, तू लाव गं कुंकू."

मंजुषा गोंधळली. पण ताट तिच्या हातात आलंच होतं. तिने लॅपटॉपच्या झाकणावर हळद लावली, कुंकू लावलं, अक्षता मात्र बटणांपासून दूर, टेबलावर वाहिल्या, आणि एकच फूल ठेवलं, तेही जाळी सोडून. मग हात जोडले. सार्थकने अधीर होऊन झाकणाकडे हात नेला.

"हात न्हाई लावायचा," सुभद्राबाई म्हणाल्या. "उद्याच्या उत्तरपूजेपातुर."

"ठीक आहे," सार्थकने सुस्कारा सोडला. "उद्या सकाळी मी येऊन करतो उत्तरपूजा."

"तू कसा? ज्यानं पूजा केली त्यानंच उत्तरपूजा करायची असती."

सार्थकने वडिलांकडे पाहिलं. नानांनी बायकोकडे पाहिलं. बायको ताटातला कुंकवाचा करंडा पदराने पुसत होती, अगदी भोळ्या चेहऱ्याने. नानांच्या खुर्चीतला दुपारचा सगळा जडपणा उतरला.

"व्हय," ते म्हणाले. "आन् ज्यानं उत्तरपूजा केली, त्याच्याच हातात वर्षभर ते हत्यार. आमच्यात तसंच हाय."

"वर्षभर? हे कधीपासून?"

"आज्ज्यापासनं," नाना म्हणाले. या रीतीला जन्मून अर्धं मिनिटही झालं नव्हतं, पण त्यांच्या आवाजात चार पिढ्या होत्या. "तुजं यंत्र बेस हाय. एजन्सीला सांग, पूजा झाली म्हणून."

कॉम्प्युटरच्या कुठल्याही तक्रारीवर सार्थककडे उपाय असायचा, पण ही तक्रार त्याच्या शिक्षणात नव्हती. त्याने समाधानकडे पाहिलं. समाधान वर पत्र्याकडे बघत होता. शेवटी सार्थक मंजुषाकडे वळला, आणि गेल्या आठवड्यापेक्षा पुष्कळच मऊ आवाजात म्हणाला, "ताई, उद्या जरा लवकर याल का? परवा नऊला गाडी आहे. त्याआधी यात सगळं चढवायला हवं."

मंजुषाने पर्समधून चष्म्याचा डबा काढला आणि परत ड्रॉवरमध्ये ठेवला.

"उद्या दसरा आहे ना," ती म्हणाली. "साडेदहाला येईन. तुम्ही आंघोळ करून या, नाहीतर काकू तुम्हाला शेजारीसुद्धा बसू देणार नाहीत."